दादासाहेबांची लांबलचक फीत

परदेशात शेतीयंत्रांचं शिक्षण घेऊन मी गावी परतले तेव्हा वाटलं होतं, ग्रामपंचायतीचा नवा छोटा ट्रॅक्टर दिवसभर राबत असेल. प्रत्यक्षात तो गळ्यात हार घालून उभा होता. नांगर, ट्रेलर, गवत कापायचं यंत्र, सगळं कोरंच. सरपंच दादासाहेबांनी फीत कापल्याशिवाय कुठलंच अवजार वापरायचं नाही, आणि दादासाहेबांना मनासारखा मुहूर्त मिळेना.

इकडे आरोग्य केंद्राच्या आवारात कमरेएवढं गवत माजलं. त्यात साप दिसला आणि बायांनी बाळांना लसीला आणणंच सोडलं.

मी दादासाहेबांना गाठलं.

"पोरी, शिकून आलीस म्हणून रीत मोडायची? आधी फीत, मग गवत!"

"मग कात्रीऐवजी ट्रॅक्टरवर बसून गवत कापायच्या यंत्रानंच फीत कापा. असं उद्घाटन जिल्ह्यात कुणी केलं नसेल."

मुहूर्त लगेच सापडला.

त्या दिवशी दादासाहेब फेटा बांधून ट्रॅक्टरवर चढले. बँड सुरू झाला. मी बांधलेली लाल कागदी फीत आरोग्य केंद्राच्या फाटकापासून निघाली होती आणि गवतातून वळणं घेत पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. अर्धं आवार कापून झाल्यावर दादासाहेब घामाघूम होऊन ओरडले, "अगं, ही फीत संपते तरी कुठं?"

"दादासाहेब, तुमच्यासारख्या माणसाला हातभर फीत शोभते का?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. दादासाहेबांनी मिशीला पीळ दिला आणि उरलेलं आवारही साफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळं लसीला आली. पाठोपाठ दादासाहेबांचा निरोप आला, "नांगराचं उद्घाटन कधी?"

मी तिथंच ठरवलं, ट्रॅक्टरला ड्रायव्हर नेमू द्यायचा नाही.