पाटीवरचं पाणी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता हे मला विचारू नका. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. पण त्या राज्यात एक नदी होती, नदीवर दगडी बंधारा होता आणि बंधाऱ्यातून निघालेला लांबलचक पाट पाच गावांची शेतं भिजवत जायचा. एवढं मात्र नक्की.

पाटाचं पाणी कुणाला, कधी आणि किती द्यायचं हे बघणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणत. हे काम मोठ्या मानाचं. दर उन्हाळ्याच्या तोंडी पाचही गावांचे पाटील जमत आणि पाठशाळेत शिकून तयार झालेल्यांची परीक्षा घेत. जो उतरेल त्याच्या खांद्यावर नवं कोरं फावडं ठेवत. झालं, जन्माचं कल्याण! पण ही संधी एकदाच मिळे. चुकली की चुकली.

पाठशाळेचे गुरुजी विद्वान होते. पाटाचा उतार सांगा, लगेच पाटीवर आकडे मांडून ते घटकेला किती घागरी पाणी वाहील ते सांगत. आता विद्वान माणसाला कौतुक आवडतंच. गुरुजींना ते जरा जास्तच आवडे.

त्याच गावात ठकूबाई नावाची म्हातारी होती, एका जुन्या पाटकऱ्याची बायको. तिला अक्षरओळख नव्हती. पण तिचं सारं आयुष्य पाटावर गेलं होतं. दुपारी पाठशाळा सुटली की मुलं तिच्यामागे पाटावर जात, चिखलात उतरत, शेतात पाणी सोडायची दारं धरत. तीन वर्षं सलग याच मुलांच्या खांद्यांवर फावडी आली. आणि लोक म्हणू लागले, "ठकूबाईची पोरं हुशार हो!"

ठकूबाईची पोरं! गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून घसा कोरडा करायचा आपण, आणि नाव व्हायचं तिचं?

त्यांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी होती म्हाळसा. त्या वर्षी शिकून तयार झालेली ती एकटीच. एकदा तिनं एक अवघड गणित चटकन सोडवलं. गुरुजी खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! माझं शिकवणं बरोबर मुरलंय."

म्हाळसा भाबडेपणानं म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगितलं तेव्हा नीट कळलंच नव्हतं. काल ठकूआजीबरोबर पाटावर करून बघितलं, मग कळलं."

बाकीची मुलं हसली. गुरुजीही हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

त्या दुपारी ते बाभळीआड उभे राहून चोरासारखे पाटाकडे बघत होते. एवढा मोठा विद्वान, आणि बाभळीआड! म्हाळसा गुडघाभर चिखलात उभी होती आणि ठकूबाईच्या कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसत होती. माझ्यासमोर ही कधी अशी हसली नाही, असं गुरुजींच्या मनात आलं आणि त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "जो पाटावर जाईल, त्यानं माझ्या पाठशाळेत पाऊल ठेवायचं नाही."

म्हाळसा घाबरून म्हणाली, "पण गुरुजी, माझी परीक्षा तीन महिन्यांवर आली!"

"म्हणूनच सांगतो. चिखल तुडवायला अक्कल लागत नाही. मी आहे ना!"

मुलांना गुरूचा शब्द मोडणं ठाऊक नव्हतं. पाटावर कुणी फिरकेना. गुरुजींना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

परीक्षेचा दिवस उजाडला. रीत अशी होती की सकाळपासून पाटाचं पाणी उमेदवाराच्या हाती द्यायचं. सूर्य माथ्यावर यायच्या आत अगदी शेवटचं शेत भिजलं पाहिजे. कुणी काही सुचवायचं नाही.

म्हाळसानं पाटीवर हिशेब मांडला. कोणतं दार किती वेळ उघडायचं, कोणतं कधी लावायचं, सगळं अचूक. गुरुजी अभिमानानं मिशीतल्या मिशीत हसत होते. पण सूर्य माथ्यावर आला तरी शेवटच्या शेताची सरी कोरडीच. म्हाळसानं पुन्हा गणित केलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा केलं. तेच उत्तर! लांब उभी असलेली ठकूबाई पदर तोंडात धरून तळमळत होती, पण रीतीपुढे तिचा इलाज नव्हता.

वेळ संपली. तेव्हा एका म्हाताऱ्या पाटलानं काठी घेऊन पाटाचा काठ टोचला. तिथं खेकड्याचं ताजं बीळ होतं, पाटावर रोज फिरणाऱ्यालाच दिसावं असं. पुढे आणखी एक. त्याच्यापुढे तिसरं. निम्मं पाणी काठाच्या पोटातून ओढ्यात चाललं होतं.

"पोरी, तुझ्या पाटीवर खेकडे नव्हते का गं?" पाटील म्हणाला. लोक हसले. म्हाळसा मान खाली घालून घरी गेली.

संध्याकाळी गुरुजी ठकूबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. "ठकूबाई, चूक माझी आहे. मी तुमच्यावर जळत होतो."

म्हातारीनं त्यांना ओसरीवर बसवलं. मग म्हणाली, "मी बी जळत व्हते, गुरुजी. पोरं यायची ती तुमचे आकडे बोलत यायची. मला सगळं डोळ्यानं दिसायचं, पण त्यास्नी समजावून सांगाया आकडा न्हवता माझ्यापाशी. वाटायचं, मला कुणी का न्हाई बसवलं साळंत? पण म्हनून मी एका बी पोराला तुमच्याकडं जाऊ नको म्हनले न्हाई."

"उद्यापासून मुलांना पुन्हा पाटावर न्या, मीही येतो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाठशाळेत गणित आणि दुपारी पाटावर तेच गणित, असा नेम सुरू झाला. धोतर खोचून गुरुजी स्वतः चिखलात उतरले. मुलं बिळं शोधत, वाया गेलेलं पाणी मोजत आणि पाटीवरचे आकडे दुरुस्त करत. पुढच्या वर्षी एक मुलगा परीक्षेत उतरला. गावानं गुरुजी आणि ठकूबाई दोघांनाही हार घातले.

आपला हार घेऊन गुरुजी म्हाळसाच्या शेतावर गेले. ती उन्हात तण निंदत होती. त्यांनी हार तिच्या पुढ्यात ठेवला आणि हात जोडले.

म्हाळसा म्हणाली, "गुरुजी, हात नका जोडू. माझा तुमच्यावर राग नाही. पण माझी वेळ गेली ती गेलीच." आणि ती पुन्हा खाली वाकून निंदू लागली.

मुलांनो आणि मुलांच्या गुरुजनांनो, एवढंच ध्यानात ठेवा: पाठशाळेतली विद्या आणि हातातलं काम यांच्यामध्ये जो आपल्या मत्सराची भिंत घालतो, त्याची शिक्षा त्याचे विद्यार्थी भोगतात.