दरवाजाची कडी आणि वाकलेली पोरं

कोण जाणे किती पिढ्यांमागची गोष्ट. पोरांनो, ऐका. आणि पिकल्या केसांच्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण चूक मोठ्यांचीच होती.

एका राजाने किल्ला बांधायला गावोगावची गरीब माणसं आणली. किल्ला उभा राहिला. उरलेल्या दगडांतून त्याने मजुरांना चार मजली चाळ बांधून दिली आणि तिला साफ विसरला. पाणी नाही, काम नाही, एकेका खोलीत दहा-दहा माणसं. पोटात आग असली की हाताला दगड सापडतातच. चाळीत दोन टोळ्या झाल्या, एक वरच्या मजल्यांची, एक खालच्या. दिवसाढवळ्या अंगणावरून गोफणी चालायच्या.

चाळीच्या दरवाजाला उंचावर एक लोखंडी कडी होती. ज्या पोराचा हात तिला पोचला ते मोठं झालं, असा रिवाज. मग मुलगा असो की मुलगी, टोळीचा नाईक यायचा, हातात गोफण द्यायचा, आणि पोर आईचं राहायचं नाही.

तिथे भात कांडून पोट भरणारी एक बाई होती. तिची सोनकी नऊ वर्षांची, पण वाढली एरंडासारखी. कडी चार बोटं उरली तशी आईची झोप उडाली. तिने पोरीला शिकवलं, "वाकून चाल. मान खाली. टाचा उचलायच्या नाहीत."

शेजारणींना ही युक्ती फार आवडली. महिन्याभरात चाळभर आया पोरं वाकवू लागल्या. ताठ उभं राहिलं की पाठीत धपाटा. पोरं खेळायचीसुद्धा वाकून. नाईक चिडवायचे, पोरं जन्माला घातलीत की कासवं? बायका ऐकून घ्यायच्या. हसू देत मेल्यांना, पोरं तर घरात आहेत ना!

आणि एका भर दुपारी वरून गोफण सुटली. दगड खालच्या नाईकासाठी होता. तो बेरकी; मान वर करून त्याने पाहिलं आणि बाजूला सरकला. मागून सोनकी येत होती, मान खाली घालून, आईने शिकवलं होतं तशी. तिला दगड दिसलाच नाही. कपाळ फुटलं.

आई धावली. पदर फाडून जखम बांधली. शुद्धीवर येताच पोर घाबरून म्हणाली, "आये, मी वाकलेलीच होते गं."

ते बोल त्या बाईला दगडाहून जास्त लागले. तिने पोरीला शेजारणीच्या मांडीवर दिलं, मुसळ उचललं आणि थेट दरवाजा गाठला. पहिला घाव घातला, कडी हलली. दुसरा घातला, चाळ हलली! वरच्या मजल्यांच्या बाया धावल्या, खालच्या धावल्या, कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या वरवंटा. आजवर एकमेकींकडे न पाहणाऱ्या बाया खांद्याला खांदा लावून घाव घालू लागल्या.

दोन्ही नाईक ओरडत आले. ही बापजाद्यांची कडी आहे, हात लावाल तर याद राखा.

तेव्हा एक म्हातारी पुढे झाली. वरच्या नाईकाचीच आई. "बापजाद्यांची? तुझ्या बापाला हिनेच नेलं, मग तुला नेलं. तेव्हा मी दाराआड बसून रडले. आज रडायला नाही आले. ये पुढे, बघते."

नाईक पुढे आला नाही. आईचा हात त्याला ठाऊक होता.

कडी ठणकन खाली पडली. बायांनी ती किल्ल्याच्या खंदकात फेकली. त्यानंतर कुठलाही नाईक पोर मागायला आला की चारही मजल्यांच्या बाया मुसळं घेऊन दारात उभ्या. नवे हात मिळेनात, जुने हात थकले, गोफणी कुजल्या. अंगणात पोरं ताठ मानेने धावू लागली. सगळी मात्र नाही. दोघा-तिघांची पाठ कायमची वाकलेली राहिली, आणि त्यांच्या आया मरेपर्यंत ते विसरल्या नाहीत.

तात्पर्य: वाईट रिवाजाखाली मावावीत म्हणून मुलं वाकवू नका, तो रिवाजच मोडा.