खिडकी नसलेली यादी

“सगळे चोर आहेत! एकजात सगळे. नाहीतर एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड एका लॅपटॉपात धावतं आणि दुसऱ्यात रांगतं, हे कसं काय, सर?”

ताथोड सरांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे एक उघडा लॅपटॉप होता आणि ते ब्रशने त्याच्या पंख्यातली धूळ काढत होते.

सर पूर्वी आयटीआयमध्ये कूलर आणि फ्रीजची दुरुस्ती शिकवत. निवृत्तीनंतर अकोल्यात त्यांनी हे लॅपटॉप-दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान टाकलं. श्रावस्ती गवई तीन उन्हाळे त्यांच्याकडे शिकायला येत होती. स्क्रू कसा धरायचा इथपासून सगळं इथेच शिकली, आणि आता आपल्याला सगळं येतं असं तिला वाटत होतं.

“सांग,” सर म्हणाले.

“नाव तेच छापतात. पण पातळ लॅपटॉपात त्या कार्डाला वीज निम्मी देतात. का? तर पूर्ण दिली की ते तापतं, आणि गरम हवा बाहेर जायला जागाच नसते. हे कुठे लिहितात माहीत आहे? शेवटच्या पानावर. मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरात!”

“हं.”

“वर मोठ्या अक्षरात काय, तर वेग अमुक‘पर्यंत’. पर्यंत म्हणजे काय, सर? मी परीक्षेत शंभर‘पर्यंत’ मार्क मिळवले असं सांगितलं तर चालेल?”

कोपऱ्यात स्टुलावर तिचे बाबा बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून अर्धी रजा टाकून आले होते. शर्टाच्या आतल्या खिशात सत्तर हजार होते. एकाहत्तर नव्हते. कोणता लॅपटॉप घ्यायचा याचा निर्णय झाला की थेट तो विकणाऱ्या दुकानात जायचं होतं.

आणि निर्णय आजच हवा होता. नागपूरच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने तिला चाचणीचं काम दिलं होतं. एका मिनिटाची फिल्म, सोळा दिवसांत. जमलं तर नोकरी. तिचा जुना लॅपटॉप परवाच कायमचा गेला होता.

तिने घडी घातलेले चार कागद टेबलावर आपटले.

“बावीस मॉडेल्स. प्रोसेसर, रॅम, पडदा, वजन, किंमत, सगळं काढलंय. यातलं एक सांगा. सगळ्यात कमी खोटं बोलणारं.”

सरांनी कागद वाचले. चारही. सावकाश.

मग उठले, खिडकीपाशी गेले आणि तिची दोन्ही दारं लावून कडी घातली. पुन्हा येऊन ब्रश हातात घेतला.

कूलर घरघरत होता. बाहेर मे महिना होता.

“सर, कोणतं?”

सरांनी ब्रश पंख्यात घातला.

“मी सहा रिव्ह्यू पाहिले प्रत्येकाचे. ते लोकही विकले गेलेले. फुकटचा लॅपटॉप मिळाला की लगेच ‘जबरदस्त’! आपल्यासारख्यांना एकदाच घेता येतो, त्याचं कोणालाच काही नाही. चुकलं तर दुसरा कोण देणार?”

खोली दमट झाली. कागद हाताला चिकटू लागले. बाबांनी रुमालाने मान पुसली. सर धूळ काढत राहिले.

शेवटी तीच ताडकन उठली आणि तिने खिडकी सताड उघडली.

“कूलर लावून खिडकी कोण बंद करतं, सर? आत आलेली हवा जाणार कुठून? अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे! आणि तुम्ही तर जन्मभर कूलरच शिकवलेत!”

“तुलाही कळतं.”

“मग काय!”

सरांनी कागद तिच्याकडे सरकवले.

“यात खिडकीवाला एक तरी आहे?”

तिने कागद पुन्हा चाळले.

“बावीसच्या बावीस पातळ,” सर म्हणाले. “याच पैशात जाड मिळतात. पूर्ण वीज घेणारे, मागून गरम हवा फेकणारे. ते का नाहीत?”

“वजन... रोज कॉलेजात न्यायचं म्हणजे...”

“कॉलेज मार्चमध्ये संपलं तुझं.”

ती कागदाचा कोपरा दुमडू लागली.

“सलग आठ तास काम करायचंय त्याला. पातळ वीस मिनिटांत धापा टाकेल. सोळा दिवस पुरतील?”

“नाही.”

“मग?”

“ते जाडवाले... विचित्र दिसतात, सर. लाल दिवे असतात त्यांना. मागे मोठी जाळी.”

“मग?”

“गेमचे दिसतात.”

“कोणाला?”

तिने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. पण कोपरा कुठे आहे, ते सगळ्यांना माहीत होतं.

“मी खोटं बोलले नाही!” तिचा आवाज चढला. “काम करायचंच आहे मला. आधी कामच! खरंच!”

“घरी काय सांगितलंस? लॅपटॉप कशाला हवा?”

“अभ्यासाला. कामाला.”

“हे झालं मोठ्या अक्षरात.” सरांनी ब्रश खाली ठेवला. “शेवटच्या पानावर काय छापलंयस, श्रावस्ती?”

कूलरची हवा तिच्या अंगावरून खिडकीकडे जात होती. तिने ते चारही कागद गोळा केले. तिचे कान लाल झाले होते, आणि या वेळी रागावायला समोर कोणी उरलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी गेमपण खेळते. दोन वर्षांपासून. दार लावून.”

बाबांनी आतल्या खिशावर हात ठेवला, पैसे आहेत ना ते चाचपलं आणि स्टुलावरून उठले.

“जाडवाला घेऊ,” ते म्हणाले. “आन् दार उघडं ठेवून खेळत जाय. बाहेरून नुसतं ‘मार, मार’ आयकू येते. जिंकलं कोण, ते समजत नाही.”