एक पटाशी, सगळी फुलं

एका गावात एक सुतार होता आणि त्याच्या पडवीत एक मशीन होतं. दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं.

सुताराचं नाव महिपती. मशीन होतं लाकूड कोरायचं, कॉम्प्युटरवर चालणारं, पण जुनं. त्याला पोलादाचं एक बिट होतं. ते गरगर फिरत लाकडात उतरायचं आणि कॉम्प्युटर सांगेल तशी नक्षी काढायचं. एकदम खोल घुसवलं तर ते मोडायचं, म्हणून एकेक पाकळी सहा थरांत कोरावी लागे. कोरायला ते चलाख होतं. वर उठायला, दुसरीकडे जायला आणि पुन्हा खाली यायला मात्र म्हाताऱ्यासारखं कण्हत कण्हत वेळ लावायचं.

त्या गावात भैरोबाच्या देवळाला दर बारा वर्षांनी नवं सागवानी दार बसे. दार महिपतीच्या घराण्यानं करायचं आणि यात्रेच्या सकाळी ते पहिल्यांदा त्याच घराण्यानं उघडायचं, असा मान होता. दाराला दोन झडपा, प्रत्येक झडपेवर चोपन्न फुलं, प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या. मागची तीन दारं महिपतीच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हातानं कोरली होती. आता अण्णांना दिसत नव्हतं. म्हणून या खेपेला मशीन आलं होतं.

यात्रेला नऊ दिवस उरले तेव्हा देवळाचा गुरव दारात येऊन उभा राहिला.

"महिपती, दार येळंत झालं न्हाई तर मान वरच्या आळीच्या सुताराकडं जाईल. मागनं मला बोल लावू नगंस."

महिपतीनं हिशेब केला. एका झडपेला दोन दिवस, दोन झडपांना चार, आणि तेलपाणी करून दार बसवायला एक दिवस. गणित अगदी चपखल बसलं. कागदावर गणितं बसतातच.

काम सुरू करताना त्यानं अण्णांची शिकवण आठवली. लहानपणी ती त्याच्या डोक्यात टपल्या मारून बसवलेली होती: 'एक पटाशी, सगळी फुलं, मग दुसरी पटाशी.' म्हणजे कोरायची एक पटाशी हातात घेतली की आधी तिचं काम सगळ्या फुलांवर उरकायचं. महिपतीनं मशीनलाही तेच सांगितलं. पहिला थर सगळ्या पाकळ्यांवर, मग दुसरा थर सगळ्या पाकळ्यांवर, मग तिसरा. वडिलांचं नाव घेऊन त्यानं बटण दाबलं.

दिवसभर मशीन क्षणभर थांबलं नाही. संध्याकाळी पाहिलं, तर दिवसाच्या कामातलं निम्मंच झालेलं.

महिपती चक्रावला. बिट फिरत होतं, भुसा पडत होता, वीज गेली नव्हती. मग निम्मा दिवस गेला कुठं? त्यानं मशीनखाली वाकून पाहिलं, जणू हरवलेला वेळ तिथं पडला असेल. तिथं फक्त मांजर झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनचा वेग वाढवला. तासाभरात बिट मोडलं. नवं आणायला तालुक्याला जाऊन येण्यात दिवस बुडाला.

तिसऱ्या दिवशी सगळा गाव शहाणपण वाटायला आला. एक म्हणाला, दाब कमी येतोय विजेचा. दुसरा म्हणाला, तेल घाल. तिसऱ्यानं नजर लागल्याचं छातीठोक सांगितलं. महिपतीनं वायरमनला बोलावलं, तेल घातलं आणि मशीनला लिंबूमिरचीही बांधली. मशीन लिंबूमिरची हलवत, कण्हत, दिवसभर चाललं. संध्याकाळी पुन्हा काम निम्मंच.

आता खरंच घाबरण्याची वेळ आली होती. सहा दिवस उरले होते आणि या गतीनं सात लागणार होते. एका दिवसासाठी पिढ्यांचा मान जाणार होता. महिपती जेवायला बसला, पण भाकरी मोडता मोडता हिशेबच करत राहिला.

त्याची बायको सगुणा चुलीपुढं भाकरी करत होती. ती म्हणाली, "अवो, एक इचारू? माझी एक भाकरी भाजून हुईस्तवर तुमचं मशीन चारदा वर-खाली करतंय. लाकडात शिरलं की घुर्र करतंय आन वर उठलं की नुसती शीळ घालतंय. तीन दिस झालं, मी घुर्र जितकं ऐकते, तितकीच शीळ ऐकतीया."

"मग काय झालं?"

"एक पाकळी अर्धी टाकतंय, दुसरीकडं पळतंय, पुन्यांदा म्हागारी येतंय. मी एकेक भाकरी अर्धीकच्ची उतरून दुसरी टाकत बसले, तर तुमी जेवणार कवा?"

महिपतीला राग आला. बरोबर बोलणाऱ्याचा येतो तसलाच राग. "ती अण्णांची रीत हाय! त्यात तुला काय कळतंय?"

"मला न्हाई कळत," सगुणा शांतपणे म्हणाली. "पर अण्णांना कळत आसंल की. त्यास्नी इचारा."

इथं महिपतीची खरी पंचाईत झाली. मशीन घरात आल्यापासून अण्णा पडवीकडे फिरकले नव्हते. दिवसभर ओट्यावर पाठ फिरवून बसायचे. म्हातारा रुसलाय, असं महिपतीनं गृहीत धरलं होतं. शिवाय तीस वर्षांत त्यानं अण्णांना 'का' म्हणून कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर टपली बसली असती. आता पोरंबाळं झालेल्या माणसानं टपली खायला जायचं म्हणजे लाजच की! पण मान गेला तर त्याहून मोठी लाज होती. तो उठला आणि ओट्यावर जाऊन अण्णांच्या पायाशी बसला.

"अण्णा, यात्रा सा दिवसांवर आली. दार हुईत न्हाई. मी तुमचीच रीत धरलीया. एक पटाशी, सगळी फुलं. मशीन दिसभर राबतंय, तरी काम फुडं सरकंना. मला काय सुधरंना झालंय."

अण्णांनी मान वळवली. "त्या मशीनला पटाश्या किती?"

"पटाश्या न्हाईत. एकच बिट हाय."

"एकच?"

"एकच."

अण्णांनी अंदाजानं हात पुढं केला, महिपतीचं डोकं शोधलं आणि बरोबर टपली मारली.

"मग लेका, ते कुठली पटाशी बदलायला येवढं हिंडतंय?"

महिपती डोकं चोळत राहिला.

"आरं, माज्याकडं सात पटाश्या हुत्या," अण्णा म्हणाले. "एक ठेव, दुसरी हुडीक, धार बघ. त्यातच सकाळ जायाची. म्हून एक हातात घिऊन सगळी फुलं उरकायचो. मांडी घालून बसलं की फुलं हाताखालीच आसायची, मला कुठं चालाया लागत हुतं? हेळपाटा वाचवायचा म्हून ती रीत. आन तू त्याच रीतीनं मशीनला हेळपाटं घालाया लावलंस!"

"मग तुमी आधी का न्हाई सांगितलंत?"

"तू इचारलंस कुठं? मला वाटलं, मशीन आलं, आता आंधळ्या म्हाताऱ्याचं काय काम? म्हून हिकडं बसून ऱ्हायलो."

महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रुसलं कोणीच नव्हतं, सगळा समजुतीचाच घोळ! बापलेक एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांच्या हाकेची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अण्णांना हात धरून पडवीत घेऊन आला. कॉम्प्युटरवर त्यानं सांगण्याचा क्रम बदलला. आता बिट एका पाकळीत उतरलं की वर न उठता थरामागून थर कोरत तळापर्यंत जाई. ती पाकळी पुरी झाली की मगच पुढची. जिथं सहा उड्या होत्या तिथं एक उडी राहिली. अण्णा खुर्चीवर बसून कान देऊन ऐकत होते. शीळ क्वचितच ऐकू येत होती.

"आता काम करतंय बघ," ते म्हणाले.

चार दिवसांत दोन्ही झडपा झाल्या. पाचव्या दिवशी दार बसलं. एक दिवस उरला, तो महिपतीनं झोपून काढला.

यात्रेच्या सकाळी ढोल वाजले. मानाप्रमाणे महिपती दारापुढं गेला, पण त्यानं स्वतः हात लावला नाही. अण्णांचा हात धरून तो दारावर ठेवला. अण्णांनी एका फुलाच्या पाकळ्या बोटांनी चाचपल्या, एक, दोन, आठही. मग दार ढकललं. गावानं गुलाल उधळला, आणि सगळ्यांत जास्त गुलाल वरच्या आळीच्या सुतारानं उधळला. त्यालाही ती जोखीम नकोच होती म्हणे.

घरी आल्यावर महिपतीनं खडू घेतला आणि मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'एक पाकळी पुरी करावी, मगच उठावं.' आपल्या पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल, या विचारानं तो लांबून पाहत राहिला.

सगुणानं वाचलं आणि ती म्हणाली, "आवो, ह्ये कशासाठी त्ये बी लिवा खाली. न्हाईतर बारा वर्सांनी तुमचाबी ल्योक माझ्या भाकरीवर खेकसंल."

महिपतीनं पुन्हा खडू उचलला.

तात्पर्य: वडिलांची रीत घ्यावी, पण ती कशासाठी पडली तेही विचारून घ्यावं, कारण न कळता पाळलेली रीत माणसाला हेलपाटेच घालायला लावते.