नोसिफोची लाट

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात डिर्क नावाचा एक गोरा म्हातारा राहत असे. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं, त्या सर्फिंगच्या खेळात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्पर्धेला कोण जाणार, हेही तोच ठरवी. त्याचा नियम एकच: लाट जिथून फुटते त्या जागेच्या जो सर्वांत जवळ असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. नियम मोडणाऱ्याला तो भर किनाऱ्यावर फैलावर घेई, मग तो पोटचा मुलगा का असेना. आपल्या न्यायीपणाचा त्याला भारी अभिमान होता.

त्या पाण्यात सगळे गोरे. काळी मुलगी एकटी नोसिफो. टेकडीपलीकडच्या वस्तीतून ती रोज पायी येई. स्पर्धेत उतरायचं, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

निवडीच्या दिवशी डिर्कने तिचं नाव खोडलं. तिला जवळ बोलावून तो मायेने म्हणाला, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. तीन महिन्यांत तू एकही लाट किनाऱ्यापर्यंत आणलेली मी पाहिली नाही."

"कशी पाहणार, काका? दर वेळी कुणीतरी मध्ये घुसतं, आणि मला लाट सोडावी लागते."

डिर्क खवळलाच. "माझ्या पाण्यात? नावं सांग. एकेकाला हाकलून देतो!"

"पहिलं नाव तुमचंच आहे."

डिर्कच्या पायाखालची वाळू सरकली. "शक्य नाही! तू मला दिसली नसशील."

"दिसले होते. 'सांभाळ गं' म्हणालात, आणि माझ्यापुढे घुसलात."

ते मात्र त्याला आठवलं. एकदा नव्हे, कितीदा तरी. ही आता पडणार, चांगली लाट उगाच वाया जाणार, असं तो दर वेळी धरून चालला होता. गोरी पोरं हजारदा पडली होती. त्यांच्या लाटा त्याने कधी घेतल्या नव्हत्या.

"चल," तो कसाबसा म्हणाला, "पुढची लाट मी तुला देतो."

"द्यायला ती तुमची कुठे आहे? मी जवळ असले, तर नियमाने ती माझीच." फळी काखेत मारून नोसिफो पाण्यात शिरली.

लाट आली. सवयीने दोन पोरं तिच्यापुढे वळली. "मागे व्हा!" डिर्क असा कडाडला की दोघं जागीच थबकली. नोसिफो उभी राहिली आणि थेट वाळूपर्यंत आली. डिर्कने तोंडात बोट घातलं.

यादीत त्याने तिचं नाव पुन्हा लिहिलं. आनंद त्याला झालाच नाही. अशा किती जणी आजवर गुपचूप परत गेल्या असतील, या विचाराने तो पार हबकून गेला होता.

तात्पर्य: याला जमणार नाही असं आधीच ठरवून जो दुसऱ्याची संधी घेतो, तो कितीही मायेने बोलला तरी अन्यायच करतो.