प्रणीतचं कार्ड

"लाल की हिरवी, उस्ताद? एवढं एकच सांगा, मी निघतो."

श्रेणिक दारातूनच विचारत होता. काखेत जुन्या साडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा, पायात बूट तसेच.

उस्ताद म्हणजे आमचे दस्तगीर उस्ताद. मिरजेत त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि आता सत्तरी जवळ आल्यावर कॉम्प्युटर. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं आहे. श्रेणिक चौगुले तीन महिने होता. तेवढ्यात त्याला सगळं आलं म्हणे! मग त्यानं स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. मला तो कधीच आवडला नाही, खोटं कशाला बोलू?

लाल आणि हिरवी म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या दोन कंपन्या. गेममधलं चित्र भराभर तयार करून पडद्यावर पाठवतं ते हे कार्ड. खेळणारी पोरं खोक्याच्या रंगावरून कंपनी ओळखतात, आणि त्यावरून एकमेकांची डोकी फोडायला उठतात.

"आत ये," उस्ताद म्हणाले. "तुला कुठली वाटते?"

"हिरवी. त्यात वादच नाही."

"मग मला कशाला विचारतोस?"

श्रेणिकनं डबा टेबलावर ठेवला.

"हा प्रणीतचा कॉम्प्युटर आहे, उस्ताद."

उस्तादांनी हातातला पेचकस खाली ठेवला. प्रणीत म्हणजे श्रेणिकचा शाळेपासूनचा दोस्त. गणपतीत डेंगीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. बावीस वर्षांचं पोर.

"त्याची आई, म्हणजे काकू, रोज दुपारी हा लावून बसतात," श्रेणिक म्हणाला. "त्यानं एका गेममध्ये गाव बांधलंय. नदी, घाट, घरं, सगळं. काकूंना खेळता येत नाही, नुसत्या बघत बसतात. पण चित्र अडकत अडकत येतं. काल मला म्हणाल्या, 'श्रेणिक, हे गाव असंच आहे का रे? धापा टाकत चालणारं?'"

"मग?"

"मग काय! त्यात लाल कंपनीचं कार्ड आहे. आमच्या येड्यानं हट्टानं घेतलेलं. ते काढतो आणि हिरवं टाकतो. काकूंना त्यांच्या लेकाचं गाव एकदा तरी नीट दिसू दे."

"कॉम्प्युटर जोडून कुणी दिला होता?"

"मीच की. तुमच्याकडून गेलो त्याच महिन्यात. माझ्या हातचा पहिला."

हे सांगताना त्याची मान ताठ झाली. अजूनही!

"पहिल्या दिवसापासून अडकत होतं," तो म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलं, कंपनी भंगार आहे. तीन वर्षं आमचं तेच भांडण. सगळ्या पोरांसमोर मी त्याची उडवायचो. सांगलीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडला, तर ग्रुपवर मी लाल खोक्याला हार घातलेला फोटो टाकला. मग तो महिनाभर बोलला नाही माझ्याशी."

"नंतर बोलला?"

"दवाखान्यात बोलला."

"काय म्हणाला?"

श्रेणिकनं खिडकीकडे बघितलं.

"काकूंना म्हणाला, 'आई, श्रेणिकचंच बरोबर होतं. मला निवडताच आलं नाही.' मी तिथंच उभा होतो... शेवटी मानलं त्यानं."

उस्तादांनी डबा जवळ ओढला. त्यांनी साडीची गाठ सोडली. डब्यासोबतच्या सगळ्या केबली काकूंनी काढून, पुसून, दोऱ्यानं बांधून दिल्या होत्या. उस्तादांनी डबा फिरवला, त्याची पाठ आमच्याकडे केली, आणि फडक्यानं धूळ पुसली. मग ते तसेच वाकून राहिले.

बराच वेळ.

"श्रेणिक, हात आण."

"कशाला?"

"आण."

त्यांनी त्याचं बोट धरलं आणि डब्याच्या मागच्या बाजूला, कार्डाच्या तोंडांवर टेकवलं.

"हे काय आहे?"

"बुचं आहेत, उस्ताद. काळी. कंपनीच घालून पाठवते, धूळ जाऊ नये म्हणून."

"किती?"

"चार."

"कार्डाला तोंडं किती?"

"चार..."

"बूच कधी काढतात?"

श्रेणिकनं बोट काढलं नाही.

"पडद्याची केबल लावताना," तो म्हणाला.

मी हातातलं काम टाकून उठलो. अहो, डब्याच्या मागं केबलीला दोन ठिकाणी जागा असते. एक वर, मुख्य बोर्डाला. एक खाली, कार्डाला. वर लावली तरी चित्र दिसतं, पण ते बोर्ड आपल्या ताकदीनं कसंबसं काढतं. कार्ड नुसतं बसून राहतं. नवशिके ही चूक हमखास करतात. मीही केली होती, पण दुसऱ्या दिवशी वाकून बघितलं आणि सापडली. याला वाकायची गरजच वाटली नाही. कंपनी भंगार आहे हे त्याचं आधीच ठरलं होतं ना!

तीन वर्षं. ते कार्ड एक दिवसही चाललं नव्हतं.

उस्तादांनी एक बूच उपसलं आणि श्रेणिकच्या तळहातावर ठेवलं. त्या तोंडात त्यांनी आमच्या पडद्याची केबल लावली. डबा सुरू केला. गेम उघडला.

नदी वाहत होती.

कुठं म्हणून अडकत नव्हती. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी येऊन परत जात होतं. घरांतून धूर निघत होता. एका अंगणात तुळस होती, तिची पानंसुद्धा हलत होती. प्रणीतनं हे सगळं बांधलं आणि असं कधी बघितलंच नाही. मी तर त्या पोराला दोनदाच भेटलो होतो, तरी पडद्यावरून नजर हलेना.

श्रेणिक आधी नुसता बघत राहिला. मग बुटांसकट जमिनीवर बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं, नाक पुसायचंही भान नाही.

"बरोबर होता तो," तो म्हणत होता. "उस्ताद, बरोबर होता तो. मी केलं हे. आणि मी त्याला मान हलवून 'बघ, पटलं ना' म्हणालो. त्याच्या खाटेपाशी म्हणालो."

उस्तादांनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

थोड्या वेळानं श्रेणिकनं तोंड धुतलं. डबा परत साडीत गुंडाळला. आवाज खाली आणून म्हणाला,

"काकूंना नवीन कार्ड टाकलं म्हणून सांगतो. चालेल ना? गाव तर दिसेल त्यांना. उगाच आणखी दुःख कशाला द्यायचं?"

"कुणाला?"

"काकूंना."

"काकूंना?" उस्तादांनी परत विचारलं.

श्रेणिकनं मान खाली घातली.

"बरं. मग काय सांगू?"

"पोरानं बरोबर निवडलं होतं, एवढं सांग."

"त्या विचारतील, मग तीन वर्षं असं का चालत होतं?"

"विचारतील."

"सांगितलं तर परत तोंड बघणार नाहीत माझं, उस्ताद. त्या घरात मी लहानाचा मोठा झालोय. आता आई म्हणावं असं माणूस त्याच एका घरात राहिलंय मला."

"माहीत आहे."

"ओरडतील. रडतील. नाहीतर काही बोलणारच नाहीत, नुसत्या बघत राहतील... ते मला नाही सोसायचं. तेव्हा मी काय करू?"

उस्तादांनी डबा उचलून त्याच्या हातात दिला.

"तिथून उठून येऊ नकोस."