बंदूकतळी

हुमरवणच्या देवळामागे एक तळी आहे. चैत्रात पाणी उतरलं की गाळातून गंजलेल्या लोखंडी नळ्या वर दिसतात. पाहुणे विचारतात, तेव्हा देवळाचे म्हातारे गुरव त्यांना आधी पायरीवर बसवतात, मग सांगू लागतात.

त्या काळी गावात घरोघर ठासणीची बंदूक असे. रानडुकरांसाठी घेतलेली. पण वरच्या आणि खालच्या वाडीत पाटाच्या पाण्यावरून वैर पेटलं आणि बंदुका माणसांवर वळल्या. वरचा एक पडला की खालचा एक पडे. अशातच खालच्या वाडीच्या दत्तू परबानं वरच्या वाडीतल्या येसू घाडिणीचा थोरला मुलगा रावळू याला पाटावर गोळी घातली.

येसू रडली नाही, असं सांगतात. तिनं मेलेल्या लेकाला न्हाऊ घातलं. बायका गळ्यात पडून आक्रोश करत होत्या, तिला त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. चिता पेटवून पुरुष परतले आणि अंगणातच बंदुकांत दारू ठासू लागले. तिचा धाकटा, गोविंद, सगळ्यांत पुढे. येसू उठली, ओल्या लुगड्यानिशी खालच्या वाडीत गेली आणि दत्तूच्या बंद दाराला पाठ लावून बसली. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं म्हणे.

मागोमाग वरची वाडी आली.

"आये, बाजूक हो," गोविंद म्हणाला.

ती हलली नाही.

"रावळूक मारल्यान तेणी!"

"ठावक आसा. मीच न्हाणलंय तेका." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुका न्हाणूची ताकद नाय माझ्यात."

मग घराचं परसदार उघडलं. दत्तूची आई वळसा घालून पुढे आली, हातातली लेकाची बंदूक तिनं येसूच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. हळूहळू दोन्ही वाड्यांतल्या बायका येऊन बसत गेल्या, अंगण भरलं, पुरुषांना पाय टाकायला जागा उरली नाही. शेवटी गोविंदानं बंदूक खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या बंदुका तळीत गेल्या. दत्तू आपण होऊन संस्थानच्या दरबारात हजर झाला आणि कैदेतच मेला. येसू पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही.

आजही हुमरवणात दोन घरांत हातघाईवर आलं की ज्या घरावर घाव पडला त्या घरची बाई समोरच्याच्या दारात जाऊन बसते, आणि गावातल्या बायका तिच्याभोवती. ती उठेपर्यंत कुणी हात उगारत नाही. तिला कुणी काही विचारत नाही, आणि रड असंही म्हणत नाही.